बफर नाही

गेल्या शनिवारची रात्र मी तंबूत काढली. हिमालयात वगैरे नाही, हिंगोली जिल्ह्यात, मावशीच्या शेतात, सिद्धेश्वर धरणाच्या पाण्यापासून शंभरेक पावलांवर. (पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी: हिंगोली म्हणजे नांदेड, परभणी, वाशीम आणि यवतमाळ यांच्या मधला जिल्हा. १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झाला. औंढा नागनाथ ऐकलं असेल, ते आमच्याकडचंच. औंढ्याजवळ लायगोची वेधशाळा होणार आहे, त्यामुळे हापिसातले दोन भौतिकशास्त्रप्रेमी हल्ली मला उगाच मान देतात. असो.)

अण्णांना हा प्रकार काही पटला नाही. "घर असताना शेतात कामून झोपायलास?" मी समजावलं की मे महिन्यात हिमालयातल्या एका तळ्यावर मुक्कामी जायचंय, सगळं सामान पाठीवर घेऊन, आणि ही त्याची रंगीत तालीम. अण्णा निवृत्त शिक्षक आहेत. ते नेमका प्रश्न विचारतात. म्हणाले, "मागच्या वेळी केली होतीस का तालीम?"

केली नव्हती.

मागच्या वेळी आम्ही सातजण भृगू तळ्याला गेलो होतो. मनालीच्या वरचं तळं, उंची सुमारे ४२०० मीटर. प्लॅन माझा. एक्सेलची शीट माझी. रंगीबेरंगी, फिल्टर लावलेली, प्रत्येकाच्या सामानाचं वजन ग्रॅममध्ये. लाँग वीकएंडला एक सुट्टी जोडून चार दिवस मिळत होते आणि त्या चार दिवसांत मी ते तळं अगदी फिट्ट बसवलं होतं. गुरुवारी रात्री हापिसातून थेट विमानतळ, शुक्रवारी दिल्ली, संध्याकाळची व्होल्वो, शनिवारी सकाळी मनाली, तिथून जीपने गुलाबा, आणि शनिवारी संध्याकाळी सुमारे ३८०० मीटरवर तंबूत. पुणे ५६० मीटरवर आहे. म्हणजे दोन रात्रींच्या आत आम्ही सव्वातीन हजार मीटर वर, आणि त्यातल्या एका रात्रीची झोप बसमध्ये. ती शीट मी ग्रुपवर टाकली तेव्हा सगळ्यांनी अंगठे दाखवले होते. वरचे, खालचे नव्हे. :)

संध्याकाळी आमच्या एका मित्राचं डोकं दुखायला लागलं. (नाव सांगत नाही, तो हे वाचतो.) जेवला नाही. बसमध्ये झोप झाली नाही म्हणून असेल, असं तोही म्हणाला आणि आम्हीही म्हणालो. मग त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "उद्या आपण इथंच थांबलो तर चालेल का? एक दिवस?" मी काय उत्तर दिलं ते मला शब्दशः आठवतंय. मी म्हणालो, "उद्याचा बफर नाहीये रे."

रात्री त्याला उलट्या सुरू झाल्या. दोनच्या सुमारास तो बाहेर जायला उठला आणि सरळ चालता येईना, दारू प्यायल्यासारखा कलंडायला लागला. आमच्यासोबतच्या स्थानिक गाईडनं टॉर्चच्या उजेडात त्याला एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा लावून पाच पावलं चालायला सांगितली. दोनच जमली. गाईडनं चहा नाही, चर्चा नाही, थेट बूट घालायला सांगितले. गाईड, मी आणि आणखी एकजण, असे तिघं त्याला धरून अंधारात खाली निघालो. पहाटे रस्त्याला लागलो तेव्हा तो स्वतःच्या पायांनी चालत होता आणि पराठा मागत होता. सहा-सातशे मीटर उतरल्यावर माणूस असा परत जागेवर येतो, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय खरं वाटत नाही. आणि न उतरल्यावर काय होतं, हे मी नंतर पुण्यात आल्यावर वाचलं. विरळ हवेनं मेंदूला सूज येते, त्याचं पहिलं ठळक लक्षण म्हणजे तोल जाणं. तिथून माणूस बेशुद्ध व्हायला एक दिवससुद्धा लागत नाही.

आधी वाचायला हवं होतं. शीटमध्ये त्यासाठी रकानाच नव्हता.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की आपण, म्हणजे आपल्यासारखे शिल्लक रजा बघून हिमालयात जाणारे लोक, प्लॅनिंग उलट्या टोकाकडून करतो. रजा किती, हा पहिला प्रश्न. मग त्यात कुठलं तळं बसेल? मग बूट कुठले, बॅग किती लिटरची, जॅकेट कुणाकडून उसनं. डोंगराचे आकडे शेवटी, तेही फोटोखाली लिहायला. वास्तविक पहिला रकाना असायला हवा, 'आज रात्री किती मीटरवर झोपणार'. दिवसा किती चढलात याला तुलनेनं महत्त्व कमी, झोपलात कुठे ते महत्त्वाचं. डॉक्टर मंडळींचा ढोबळ नियम असा, की ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबा. पहिल्याच रात्री २८०० च्या वर झोपलात तर धोका पत्करताय. आता हा नियम भृगूला लावून बघा. २०५० वर मनाली, ४२०० वर तळं. काठावर तंबू ठोकायचा तर वाटेत चार-पाच मुक्काम पाहिजेत. आमच्याकडे एक होता, आणि तोही नियमाच्या हजार मीटर वर.

४२०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्के असतो. जिमला जाणाऱ्यालाही साठच आणि न जाणाऱ्यालाही साठच. उलट आमच्यातला सगळ्यात तंदुरुस्त माणूस तोच होता, हाफ मॅरेथॉन पळणारा. फिटनेसनं चढ सोपा होतो, पण उंची बाधण्यापासून तो वाचवत नाही. किंबहुना फिट माणूस लवकर वर पोहोचतो आणि लवकर अडकतो.

यावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला, "हजारो लोक असेच जातात, काही होत नाही." बरोबर आहे, बहुतेकांना नुसती डोकेदुखी होते आणि ते फोटो टाकतात. ज्याला खाली आणावं लागलं तो फोटो टाकत नाही. आमच्या ग्रुपचाही त्या ट्रिपचा अल्बम आहे. बाकीचे चौघं रविवारी तळ्यावर जाऊन आले, तळं निळंशार आहे, आणि अल्बम बघून कुणाला वाटणारही नाही की रात्री काय झालं. दुसरा आक्षेप, "डायमॉक्स घेऊ ना." घ्या, पण डॉक्टरला विचारून. सल्फाची ॲलर्जी असलेल्यांनी तर विचारल्याशिवाय नाहीच. आणि ती गोळी शरीराला सरावायला मदत करते, सरावाचे दिवस खिशात टाकून देत नाही.

बफर दुसऱ्या कारणासाठीही लागतो, ते म्हणजे हवामान. जून २०२४ मध्ये उत्तराखंडात सहस्रताल या तळ्यांच्या ट्रेकवर २२ जणांचा गट वादळी बर्फात अडकला आणि ९ जण गेले. बहुतेक कर्नाटकातले, त्यातही बंगळुरूचे. ती नवखी मंडळी नव्हती. हेलिकॉप्टरं येऊन बाकीच्यांना काढावं लागलं. त्यांनी काय करायला हवं होतं हे पुण्यात खुर्चीत बसून मी सांगणार नाही, माझी ती लायकी नाही. मी फक्त माझी जुनी शीट उघडून बघितली, की असं वादळ आलं असतं तर एक दिवस तंबूत बसून राहायची सोय त्यात होती का. रविवारी रात्रीची व्होल्वो बुक होती. परतावा न मिळणारी. त्या तिकिटासाठी आम्ही वादळातही निघालो असतो, हे मला माझ्या स्वभावावरून पक्कं माहीत आहे.

आता या वर्षीचं. पुन्हा तोच ग्रुप, पुन्हा लाँग वीकएंड, आणि पुन्हा "शीट तूच कर". आपल्या धंद्यात एक गोष्ट शिकलोय. तारीख हलणार नसेल आणि माणसं वाढणार नसतील तर स्कोप कमी करायचा. मॅनेजरला हे पटवता पटवता उभी हयात जाते, पण डोंगराशी वागताना आपणच त्या मॅनेजरसारखे वागतो. चारच दिवस मिळतायत ना, मग त्या चार दिवसांत मावणारं तळं शोधू. रूपकुंड यादीत होतं ते आधीच उडालं. २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयानं तिथल्या बुग्याळांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या गवताळ कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली. आणि उंची तर भृगूहून जास्त.

शोधता शोधता मिळालं करेरी. धरमशालेच्या वर, धौलाधारच्या कुशीत, उंची २९३४ मीटर. धौलाधारचं बर्फ वितळून भरणारं उथळ तळं, काठाच्या वर छोटं देऊळ, आणि उन्हाळ्यात मेंढ्या घेऊन वर जाणारे गद्दी लोक. पहिली रात्र मॅक्लोडगंजला, साधारण २००० मीटरवर. दुसरी तिथेच किंवा करेरी गावात. तिसरी तळ्याजवळ. नियमात बसतं, आणि काही झालंच तर गावापर्यंत उतरायचा रस्ता एका दिवसाच्या आतला.

मी हे ग्रुपवर टाकलं. एक मिनिट शांतता. मग पहिला मेसेज, "तीन हजारपण नाही??" दुसरा, "एवढ्यासाठी विमानाचं तिकीट?" तिसऱ्यानं तर कळसूबाईचा फोटो टाकला. (१६४६ मीटर. महाराष्ट्रात त्याहून उंच काही नाही, हे त्याला बहुधा माहीत नसावं.) म्हणजे तळं कसं आहे, काठावर काय आहे, रात्री आकाश कसं दिसतं, यातलं काहीच कुणी विचारलं नाही. आकडा चारनं सुरू होत नाही एवढीच तक्रार. आपल्याला पगाराचे, पर्सेंटाईलचे, रँकचे आकडे सांगायची इतकी सवय झालीये की तळ्याचाही आकडाच लागतो. दोघं गळाले. त्यांनी दुसरीकडे चार दिवसांत ४००० च्या वर जाणारं पॅकेज शोधलंय, त्यांना शुभेच्छा. मनापासून, टोमणा नाही.

ज्याला तेव्हा खाली आणलं, त्याचा मेसेज सगळ्यात शेवटी आला. "मी आहे. पण मी थांबूया म्हणालो तर थांबायचं." हे वाक्य मी शीटमध्ये सगळ्यात वरच्या ओळीत लिहून ठेवलंय. कुणीही एकानं थांबूया म्हटलं की सगळे थांबतात, कारण विचारायचं नाही. चर्चा खाली उतरल्यावर.

शीट या वेळी अगदी साधी आहे. चालायच्या वेळेचा अंदाज नेस्मिथच्या नियमानं काढला. हा १८९२ सालचा एका स्कॉटिश गिर्यारोहकाचा हिशोब: ताशी ५ किलोमीटर, वर दर ६०० मीटर चढाला एक तास जास्त. गावापासून तळं १३ किलोमीटरच्या आसपास आणि चढ हजार मीटरच्या आसपास. म्हणजे सव्वाचार तास. हे झालं त्या स्कॉटिश साहेबाचं. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या, पाठीवर ओझं घेतलेल्या माणसांनी त्यावर निम्मं आणखी धरावं, म्हणजे साडेसहा. हिमालयात दुपारनंतर ढग भरून येतात, म्हणून सकाळी सहाला निघायचं आणि दुपारी दोन वाजता जिथे असू तिथून पुढे जायचं नाही. तळं दिसत असलं तरी नाही. थंडीचा हिशोब त्याहून सोपा, दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश वजा. धरमशालेचं तापमान बघा, त्यातून दहा काढा. पाणी तिथे नव्वद अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे डाळ शिजवायचा नाद सोडा. ओढ्याचं पाणी प्यायचं तर खळखळ उकळी फुटल्यावर पूर्ण तीन मिनिटं ठेवा, वरच्या अंगाला मेंढ्या चरत असतात. गॅसचा डबा विमानात नेता येत नाही, रेल्वेतही नाही. तो तिथेच घ्यायचा, आणि घेतल्यावर स्टोव्हला बसतो का ते दुकानातच बघायचं.

आता तालीम. सिद्धेश्वरच्या त्या एका रात्रीत जे कळलं ते दहा व्हिडिओ बघून कळलं नव्हतं. बॅग भरली १४ किलो. मी ६५ किलोचा. वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त पाठीवर घेऊ नये म्हणतात, ते का, हे मावशीच्या घरापासून पाण्यापर्यंतच्या तीन किलोमीटरांतच खांद्यांना समजलं. तंबू मी हौसेनं पाण्याच्या अगदी जवळ लावला होता. काका बैल बांधून आले, बघितलं आणि म्हणाले, "वर घे. इथं रातच्याला लई गारठा उतरतो." मी आतून हसलो. रात्री अकराला तंबूच्या आतून दव टपकायला लागलं, स्लीपिंग बॅग ओली. थंड हवा जड असते, ती उतारानं खाली पाण्यापाशी साचते. हे मी बारावीला शिकलोय आणि काकांना न शिकता माहीत आहे. मुकाट्यानं बांधावर, शंभर पावलं वर गेलो. तिथे कोरडं होतं. करेरीलाही तंबू काठावर लावायचा नाही, हे तिथेच ठरलं. तळ्यासाठीही तेच बरं, काठावर भांडी घासून साबण पाण्यात सोडणारे आपणच असतो.

पण गारठा वरून नाही, खालून येतो, हा साक्षात्कार पहाटे तीनचा. पांघरूण चांगलं होतं, खालची चटई दीड इंची, हवा भरायची, आणि तिला बारीक भोक. हिंगोलीच्या जानेवारीत हे झालं म्हणून मी उठून मावशीकडे जाऊन गोधडी घेऊन आलो. २९३४ मीटरवर मावशी नाही.

खाण्याचा प्लॅन मावशीनं मोडून काढला. मी पाकिटं वजन करून नेली होती. तिनं दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा बांधून दिला. घरी परत येऊन हिशोब केला तर शंभर ग्रॅम शेंगदाण्यात साडेपाचशेच्या वर कॅलरी. माझ्या महागड्या एनर्जी बारपेक्षा जास्त. दुधात भिजवलेल्या दशम्या दोन-तीन दिवस राहतात, चुलीची गरज नाही, गॅस वाचतो. शीटमधली 'जेवण' नावाची आख्खी टॅब डिलीट केली.

रविवारी घरी आलो तर अण्णा नकाशा उघडून बसलेले. धरमशालेच्या खाली, पंजाबात, गुरदासपूर जिल्ह्यात घुमान. नामदेव महाराजांचं घुमान. त्यांचं जन्मगाव मानली जाणारी नर्सी आमच्या घरापासून स्कूटरवर जाऊन यायच्या अंतरावर आहे. २०१५ मध्ये मराठी साहित्य संमेलन घुमानला झालं तेव्हा अण्णांना जायचं होतं, ते राहून गेलं. आता म्हणतात, "नांदेडहून सचखंडनं अमृतसरला जाऊ. तू मला घुमानला सोड आणि तुझ्या तळ्यावर जा. येताना घेऊन जा." मी म्हटलं, "अण्णा, मे महिना आहे, पंजाबात ऊन असतं." "हिंगोलीत काय बर्फ पडायलाय?"

सातशे वर्षांपूर्वी नर्सीचा माणूस पंजाबापर्यंत पायी पोहोचला होता. त्यांचं रजेचं गणित काय होतं कोण जाणे. आमचं मात्र चार दिवसांचं आता आठ दिवसांचं झालंय, कारण सचखंडच जाता-येता जवळजवळ तीन दिवस खाणार. एक दिवस कोरा सोडलाय. त्या रकान्यात काही लिहायचं नाही असं ठरवलंय, अण्णांनी तरी तिथे पेन्सिलनं 'अमृतसर बघणे' लिहिलं. खोडलं.

रजेचा अर्ज सोमवारी टाकतोय. दोघं गळाल्यामुळे चार माणसांच्या तंबूत एक जागा आहे आणि दुसऱ्या तंबूत कुणीच नाही, तेव्हा तो नेत नाही. थांबूया म्हटल्यावर थांबणारं कुणी असेल तर कळवा. आणि त्या हवेच्या चटईचं भोक कशानं बुजवायचं तेही. सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशन लावून बघितलं, टिकत नाही.